‘कडक’, ‘सौम्य’ आणि ‘४२.८’ : मद्याची तीव्रता सांगणाऱ्या मराठी शब्दांची चिकित्सा

सारांश : मद्यपानाविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे, परंतु मद्याची तीव्रता ज्या शब्दांनी सांगितली जाते त्या शब्दांकडे भाषाभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. प्रस्तुत लेखात लोकव्यवहार, नीतिपर साहित्य आणि शासनव्यवहार या तीन क्षेत्रांतील शब्दांची चिकित्सा केली आहे. तिन्ही क्षेत्रांचे शब्द आपापल्या जागी समर्थ असले तरी ‘या पेल्यात नेमके किती आहे?’ या साध्या प्रश्नाचे उत्तर त्यांपैकी कोणाकडेच नाही, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजसंज्ञा : मद्यार्क, तीव्रता, परिभाषा, लोकभाषा, प्रूफ, दारूबंदी

१. प्रस्तावना

पदवीच्या वर्गात ‘परिभाषा आणि व्यवहारभाषा’ हा घटक शिकवताना प्रस्तुत लेखकाने एकदा विद्यार्थ्यांना ‘कडक’ या विशेषणाची नामे सांगावयास सांगितली. चहा, ऊन, शिस्त, इस्त्री, उपवास, मास्तर अशी यादी फळ्यावर वाढत गेली. मागच्या बाकावरून ‘दारू’ असा शब्द आला आणि वर्ग हसला. त्या हसण्याचा धागा पकडून पुढचा प्रश्न विचारला, ‘कडक म्हणजे किती?’ या प्रश्नावर वर्ग गप्प झाला, आणि खरे सांगायचे तर शिक्षकाकडेही तयार उत्तर नव्हते. प्रस्तुत लेखाचा उगम त्या शांततेत आहे.

मद्याची तीव्रता हा वरवर पाहता रसायनशास्त्राचा विषय आहे. परंतु ती सामान्य माणसापर्यंत पोचते ती शब्दांतून. दुकानाच्या पाटीवर, बाटलीच्या लेबलावर, कायद्याच्या कलमात, नाटकात आणि गुत्त्यावर वेगवेगळे शब्द वापरले जातात. हे शब्द केवळ वर्णन करीत नाहीत, ते मूल्यनिर्णयही देतात. म्हणून त्यांची चिकित्सा हे साहित्य व भाषा यांच्या अभ्यासकाचेही काम ठरते.

२. पूर्वपरंपरा : द्रव्यावरून नाव

भारतीय परंपरेत मद्याची नावे प्रामुख्याने द्रव्यावरून व कृतीवरून पडलेली दिसतात. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणातील सुराध्यक्षाच्या प्रकरणात मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधु असे प्रकार येतात. त्यांत कोणते पदार्थ घालावेत याचा तपशील आहे. परंतु ‘अधिक चढणारे’ व ‘कमी चढणारे’ अशी श्रेणी हा त्या वर्गीकरणाचा पाया नाही. मराठीतील ताडी, माडी, शिंदी, मोहाची, काजूची ही नावेही याच वळणाची आहेत. झाड सांगितले की पेय कळते, असा तो व्यवहार आहे.

मराठीने पुढे स्वीकारलेल्या शब्दांचा प्रवास अधिक बोलका आहे. ‘दारू’ हा फारसी शब्द मुळात औषध या अर्थाचा. मराठीत तो मद्य आणि बंदुकीची दारू अशा दोन्ही अर्थांनी रुजला. ‘अर्क’ हा अरबी ‘अरक’ म्हणजे घाम या शब्दावरून आलेला. ऊर्ध्वपातनाच्या भांड्यावर जमणाऱ्या थेंबांचे ते चित्र आहे. त्याला संस्कृत ‘मद्य’ जोडून आपण ‘मद्यार्क’ हा आजचा शास्त्रीय शब्द बनवला. म्हणजे आपली पारिभाषिक संज्ञा हीच एक मिश्र पेय आहे.

सर्वांत मौज ‘सौम्य’ या शब्दाची. ‘सोम’ या शब्दापासून तो सिद्ध झाला आहे. सोमाशी संबंधित, पुढे चंद्रासारखा शीतल, आणि त्यावरून मृदू असा त्याचा अर्थविस्तार झाला. वैदिक काळातील मादक पेयाचे नाव ज्याच्या पोटात आहे, तोच शब्द आज ‘फारसे मादक नसलेले’ या अर्थाने बिअरच्या बाटलीवर बसला आहे.

३. लोकभाषा : ‘पहिल्या धारेची’ आणि ‘कडक’

लोकभाषेत तीव्रतेची जाण नाही, असे म्हणता येणार नाही. उलट, ती सूक्ष्म आहे. कोकणात माडाच्या झाडावरून उतरवलेला रस सकाळी ताजा असताना नीरा असतो आणि ऊन चढता चढता माडी होतो. येथे तीव्रता घड्याळावरून मोजली जाते. किण्वनाची क्रिया जसजशी पुढे जाते तसतशी साखर मद्यार्कात रूपांतरित होते, हे ज्ञान या दोन नावांत साठवलेले आहे. कायद्यालाही हा भेद मानावा लागला आणि नीरेची वेगळी व्यवस्था करावी लागली.

गोव्यात काजूच्या बोंडांच्या आंबवलेल्या रसाचे पहिले ऊर्ध्वपातन म्हणजे ‘उर्राक’. त्यात मद्यार्काचे प्रमाण साधारण १५ टक्क्यांच्या आसपास असते. पुन्हा ऊर्ध्वपातन केल्यावर फेणी मिळते. तिची तीव्रता ‘ग्राव’ या पोर्तुगीज वळणाच्या एककात सांगण्याची पारंपरिक पद्धत आहे. भट्टीवरचा जाणकार ‘वीस ग्राव’ म्हणतो तेव्हा तो वीस टक्के म्हणत नसतो; ते माप वेगळ्या पट्टीवरचे आहे आणि त्या फेणीतील मद्यार्क वीस टक्क्यांच्या दुपटीहून अधिक असतो. २००९ साली काजूच्या फेणीला भौगोलिक निर्देशांक मिळाला. पेयाला संरक्षण मिळाले. मात्र त्याच्या मोजमापाचा हा शब्द मराठी कोशव्यवहारात जवळजवळ अनोळखी राहिला.

घाटावर आणि विदर्भात हातभट्टीच्या व मोहाच्या दारूसंबंधी ‘पहिल्या धारेची’ हा प्रयोग रूढ आहे. ऊर्ध्वपातनात सुरुवातीला येणारा द्रव अधिक तीव्र असतो आणि नंतर पाण्याचे प्रमाण वाढत जाते, हे निरीक्षण अचूक आहे. या प्रयोगाने भट्टीची हद्द ओलांडून अस्सल, भेसळ नसलेले असा लाक्षणिक अर्थ मिळवला. विनोद, शिवी, अभिनय, राजकारण यांपैकी काहीही आज ‘पहिल्या धारेचे’ असू शकते. परंतु येथेच लोकभाषेची मर्यादा सुरू होते. पहिल्या भागात ॲसिटाल्डिहाइडसारखे अधिक बाष्पनशील व अपायकारक घटकही एकवटतात. म्हणून शास्त्रशुद्ध ऊर्ध्वपातनात सुरुवातीचा काही अंश वेगळा काढून टाकतात. भाषेने ज्याला शुद्धतेचे प्रतीक केले, त्यातील काही भाग शास्त्राच्या दृष्टीने टाकाऊ आहे.

‘कडक’ या शब्दात हा घोटाळा अधिक गंभीर होतो. ‘कडक’ हे मराठीत बहुधा प्रशंसेचे विशेषण आहे. कडक चहा चांगला, कडक इस्त्री चांगली, कडक शिस्तीचा मास्तर आदरणीय. त्यामुळे ‘कडक दारू’ म्हणताना तीव्रता आणि गुणवत्ता यांची सरमिसळ होते. शिवाय घशाला जाणवणारा दाह म्हणजे मद्यार्काचे प्रमाण नव्हे. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे विषारी दारूने शंभरहून अधिक माणसे दगावली. अशा दुर्घटनांमागे प्रायः मिथेनॉल असते. त्याचे शरीरात फॉर्मिक आम्लात रूपांतर होते. दृष्टी जाते, पुढे प्राणही जातो. मिथेनॉल असलेला पेला जिभेला वेगळा ओळखता येत नाही, आणि तो ‘कडक’ या वर्णनात सहज सामावतो. इथेनॉलची तीव्रता आणि मिथेनॉलचे विष यांतील भेद सांगणारा एकही शब्द गुत्त्याच्या भाषेत नाही. ‘विषारी दारू’ हा शब्द येतो तो दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात, म्हणजे मृतांची संख्या मोजताना.

याच संदर्भात ‘हलकी’ आणि ‘भारी’ ही जोडी पाहण्यासारखी आहे. मराठीत ‘हलकी दारू’ म्हणजे कमी तीव्रतेची की कमी प्रतीची? बहुतेक वेळा दुसरा अर्थच अभिप्रेत असतो. ‘भारी’ म्हणजे महाग. तीव्रतेचे वर्णन करावयास आलेले शब्द पिणाऱ्याच्या ऐपतीचे वर्णन करू लागतात. भौतिकशास्त्र मात्र निराळेच सांगते. मद्यार्क पाण्यापेक्षा हलका आहे. त्याची घनता प्रति मिलिलिटर सुमारे ०.७८९ ग्रॅम आहे. म्हणून मद्य जितके तीव्र तितके ते वजनाला हलके, आणि तरकाटा त्यात तितका खोल बुडतो. ‘हलकी’ हा शब्द शास्त्रदृष्ट्या तीव्र मद्यालाच शोभला असता.

मापांचे शब्दही हेच दाखवतात. जुने ‘नवटाक’ व ‘पावशेर’ आणि नवे ‘पेग’ व ‘क्वार्टर’ हे सर्व आकारमान सांगतात, तीव्रता नाही. ‘झिंगलेला’, ‘तर्र’, ‘टाईट’ हे शब्द तर पेयाला सोडून पिणाऱ्याकडे वळतात. म्हणजे किती प्यायला आणि काय झाले, या दोन टोकांना भाषा समृद्ध आहे. त्यांना जोडणारा मधला दुवा मात्र मुका आहे.

४. नीतिपर साहित्य : मोजदाद एकपासून

राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक त्यांच्या निधनानंतर १९१९ साली रंगभूमीवर आले. मद्यपानाविषयीच्या मराठी संवेदनशीलतेला या नाटकाने जो आकार दिला तो शतकानंतरही टिकून आहे. सुधाकराचा ऱ्हास, सिंधूची फरफट आणि तळीरामाचे ‘आर्य मदिरा मंडळ’ यांवर आजवर पुष्कळ लिहिले गेले. प्रस्तुत संदर्भात लक्ष वेधते ते शीर्षक. त्यात संख्या आहे, परंतु ती पेल्याची आहे. पेल्यात काय आणि किती तीव्र आहे, हा प्रश्न शीर्षकाला पडत नाही. नाटकाची नैतिक पट्टी शून्य आणि एक या दोन अंकांची आहे. पहिला पेला हाच खरा पेला. पुढचे सर्व त्याचे परिणाम.

नाट्यवस्तू म्हणून ही पट्टी अत्यंत प्रभावी आहे, आणि तिला दोष देण्याचा येथे हेतू नाही. शोकांतिकेला टक्केवारी लागत नाही. शिवाय व्यसनाधीन व्यक्तीच्या बाबतीत पहिला पेला टाळणे हेच सूत्र व्यसनमुक्तीच्या कार्यातही मानले जाते. प्रश्न आहे तो या पट्टीने घडवलेल्या सार्वजनिक भाषेचा. शून्य आणि एक यांच्या पलीकडे मोजणे म्हणजे जणू मद्यपानाला मान्यता देणे, असा एक संकोच आपल्या शिक्षित भाषेत रुजला. पाठ्यपुस्तके, व्याख्याने, निबंधस्पर्धा यांतून दारूचे दुष्परिणाम सांगितले जातात. मद्यार्काचे प्रमाण कसे मोजावे हे सांगितले जात नाही. मोजमापाची भाषा आपण विक्रेत्यावर सोपवून मोकळे झालो.

५. शासनभाषा : न वाचला जाणारा आकडा

तिसरे क्षेत्र शासनव्यवहाराचे. १८७८ चा मुंबई अबकारी कायदा, १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम, जो आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम म्हणून ओळखला जातो, आणि राज्य उत्पादन शुल्क विभाग, ही नावांची मालिकाच विसंगतीने भरलेली आहे. कायद्याच्या नावात बंदी आणि विभागाच्या नावात शुल्क. ‘भारतीय बनावटीचे विदेशी मद्य’ ही संज्ञा तर भाषेच्या प्राध्यापकाला विरोधाभासाचे उदाहरण म्हणून कायमची देता येईल.

बाटलीवरच्या आकड्याचा इतिहासही असाच उसना आहे. भारतीय बनावटीच्या व्हिस्कीवर दीर्घकाळ ‘४२.८ टक्के’ हा आकडा दिसतो. हा अपूर्णांक कोठून आला? इंग्लंडमध्ये मद्याची कसोटी बंदुकीच्या दारूवर घेतली जाई, असे परंपरा सांगते : मद्यात भिजवलेली दारू पेटली तर मद्य कसोटीला उतरले. त्यावरून ‘प्रूफ’ हा शब्द आला. मराठीत दोन्ही वस्तूंना ‘दारू’च म्हणतात, हा योगायोग गमतीचा आहे. पुढे १८१६ च्या कायद्याने साइक्स यांच्या तरकाट्याला अधिकृत स्थान मिळाले आणि शंभर प्रूफ म्हणजे आकारमानाने सुमारे ५७.१ टक्के मद्यार्क असे स्थिर झाले. त्याच्या पंचवीस अंश खाली, म्हणजे ७५ प्रूफ, हे प्रमाण आपल्याकडे रूढ झाले. ५७.१ चे तीन चतुर्थांश म्हणजेच ४२.८. ब्रिटनने १९८० साली प्रूफ पद्धत सोडून आकारमानाची टक्केवारी स्वीकारली. आपल्या बाटलीवर मात्र त्या पद्धतीचा जीवाश्म टिकून राहिला. अमेरिकेत प्रूफ म्हणजे टक्केवारीची सरळ दुप्पट. त्यामुळे ‘शंभर प्रूफ’ या एकाच शब्दाचा अर्थ दोन देशांत ५७.१ आणि ५० असा वेगळा होतो. परिभाषा उसनी घेताना तिचा संदर्भ मागे राहिला की काय होते, याचा हा नमुना आहे.

अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या विनियमांनी मद्यार्काचे प्रमाण व आरोग्यविषयक इशारा लेबलावर आवश्यक केला, हे स्वागतार्ह आहे. त्यात पाच टक्क्यांपर्यंतची बिअर आणि पाचहून अधिक ते आठ टक्क्यांपर्यंतची ‘स्ट्राँग’ बिअर असा भेद आहे. परंतु टक्केवारी ही केवळ घनतेची गोष्ट सांगते. प्यालेल्या मात्रेची नाही. ६५० मिलिलिटरची आठ टक्के बिअरची बाटली घेतली तर तिच्यात ५२ मिलिलिटर, म्हणजे सुमारे ४१ ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. ४२.८ टक्के व्हिस्कीच्या साठ मिलिलिटरच्या पेगमध्ये तो सुमारे २५.७ मिलिलिटर असतो. म्हणजे एक बाटली बिअर आणि दोन मोठे पेग यांत मद्यार्काच्या दृष्टीने जवळजवळ काहीही फरक नाही. ‘मी फक्त बिअर घेतो’ या वाक्यातील ‘फक्त’ हा शब्द गणिताला धरून नाही. हाच ‘फक्त’ रस्त्यावर महाग पडतो. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १८५ मध्ये रक्ताच्या शंभर मिलिलिटरमागे तीस मिलिग्रॅमची मर्यादा आहे. ती मर्यादा पेयाचे नाव विचारत नाही.

जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमध्ये वाईन विक्रीस परवानगी देण्याचा निर्णय महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा ‘वाईन म्हणजे दारू नव्हे’ असे विधान सार्वजनिक चर्चेत आले आणि गाजले. समर्थकांनी द्राक्ष उत्पादकांचे हित पुढे केले, विरोधकांनी संस्कृतीचा ऱ्हास. वादाच्या गुणावगुणात न शिरता भाषेपुरते पाहिले तर १९४९ च्या अधिनियमातील मद्याच्या व्याख्येत स्पिरिट, वाईन, बिअर, ताडी या सर्वांचा स्पष्ट समावेश आहे. प्रमाण पाहिले तर १३ टक्के वाईनच्या ७५० मिलिलिटरच्या बाटलीत ९७.५ मिलिलिटर मद्यार्क असतो. १८० मिलिलिटरच्या व्हिस्कीच्या ‘क्वार्टर’मध्ये सुमारे ७७. अर्थात वाईनची बाटली अनेकांत वाटली जाते, हे खरे. परंतु संपूर्ण वादात हे दोन आकडे शेजारी ठेवून कोणी बोलल्याचे स्मरत नाही. ‘दारू’ या शब्दाला मराठीत जो सामाजिक कलंक आहे त्यातून वाईनला वगळणे, हाच त्या विधानाचा खरा हेतू होता. एका बाजूने शब्द बदलून वस्तू बदलू पाहिली, तर दुसऱ्या बाजूने शब्दावरच सारा भार टाकला. मात्रेचा प्रश्न दोघांनीही विचारला नाही.

६. आक्षेप आणि त्यांचा विचार

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये मद्यपानाची कोणतीही मात्रा आरोग्यास पूर्णतः सुरक्षित नाही असे स्पष्ट केले असताना मात्रेची भाषा घडवणे म्हणजे ‘एवढे चालते’ असे सुचवणे होय. हा आक्षेप गंभीर आहे. परंतु मोजमाप म्हणजे अनुमती नव्हे. ताप मोजल्याने ताप मान्य होत नाही. उलट, मात्रा दिसू लागली की ‘सौम्य’ या शब्दाचा आडोसा उरत नाही. धोका मात्रेबरोबर वाढतो, हे सांगण्यासाठी आधी मात्रेला नाव असावे लागते.

दुसरा आक्षेप असा की, आकडा छापला तर तीव्रतेचीच जाहिरात होईल. ‘स्ट्राँग’ हा शब्द आपल्या बाजारात इशारा न राहता आकर्षण ठरला आहे, हे दिसतेच. परंतु त्याचे कारण तो विशेषण आहे हे होय. विशेषणाला आव्हान देता येते, मिरवता येते. ‘या बाटलीत ५२ मिलिलिटर शुद्ध मद्यार्क आहे’ या वाक्यात मिरवण्यासारखे फारसे नाही. ते मोजता येते आणि शेजारच्या बाटलीशी ताडून पाहता येते.

७. समारोप

वरील चिकित्सेवरून असे म्हणता येईल की, लोकभाषेने तीव्रतेचा गौरव केला, नीतिपर साहित्याने तिच्याकडे पाठ फिरवली आणि शासनभाषेने ती उसन्या आकड्यात बंदिस्त केली. लोकभाषेजवळ निरीक्षण आहे, साहित्याजवळ करुणा आहे, शासनाजवळ माप आहे. तिन्हींची गाठ मात्र पडलेली नाही. ‘मद्यार्क’ ही संज्ञाही अद्याप द्रव्य आणि ऊर्ध्वपातित पेय अशा दोन्ही अर्थांनी वापरली जाते. तिचा अर्थ निश्चित करण्याचे काम परिभाषाकोशकारांनी हाती घ्यावे. लेबलावर टक्केवारीच्या जोडीला एकूण शुद्ध मद्यार्क मराठीतून मिलिलिटरमध्ये छापला जावा. आणि महाविद्यालयांतील व्यसनमुक्ती कार्यक्रमांत घोषणा व पथनाट्ये यांच्या जोडीला आकारमान गुणिले टक्केवारी भागिले शंभर एवढे सोपे गणित शिकवले जावे. ते वाणिज्य, विज्ञान आणि कला या तिन्ही शाखांना सारखेच उपयोगी आहे.

मालवणीत जे गेले त्यांना हे गणित वाचवू शकले असते, असा दावा करता येणार नाही. त्यांच्या पेल्याला लेबलच नव्हते. परंतु ‘कडक’ म्हणजे चांगले, हा शब्दार्थ त्यांना आपल्याच भाषेने शिकवला होता. त्या शब्दार्थाची जबाबदारी भाषा शिकवणाऱ्यांवरही येते. मागच्या बाकावरून पुन्हा ‘दारू’ हा शब्द आला तर वर्गाला हसू द्यावे, आणि मग तोच प्रश्न पुन्हा विचारावा : कडक म्हणजे किती?